पेटी उघडणें म्हणजे चोरी नव्हे

संगणकावरील खेळाची बंदिस्त फाईल जो मुलगा उघडून पाहतो तो चोर होय, असा निकाल हल्लीं नागपुरांतील सुशिक्षित घरांतूनही सहज दिला जातो. निकाल देणाऱ्यांच्या हेतूविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु ज्या कृत्याचा न्याय करावयाचा, तें कृत्य तरी त्यांनीं आधीं समजून घ्यावयास नको काय?

वस्तुस्थिति अशी आहे. इंटरनेटवर खेळावयाच्या खेळांतील चित्रें, आवाज आणि संवाद कंपनी एका मोठ्या फाईलींत आवळून बांधते, व पुष्कळदां तिला गुप्त संकेताचें कुलूप लावते. ही फाईल खेळणाऱ्याच्याच संगणकांत असते; आणि ज्या किल्लीवांचून खेळ चालणारच नाहीं, तीही तेथेंच कोठेंतरी ठेवावी लागते. जिज्ञासु मुलगा ती शोधतो, फाईल सोडवितो, आणि आंतील एखादें चित्र वा वाक्य बदलून पाहतो.

कुलपाआडचें वाचण्याची ही हौस विदर्भास नवी नाहीं. महानुभावांनीं आपले ग्रंथ सकळा लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत शतकानुशतकें बंद ठेविले. विसाव्या शतकाच्या आरंभीं इतिहासाचार्य राजवाडे यांनीं त्या संकेताची उकल केली. पुढें म्हाइंभटांचें लीळाचरित्र हरि नारायण नेने यांनीं याच नागपुरांतून प्रसिद्ध केलें. राजवाड्यांस चोर म्हणून आपण गप्प बसविलें असतें, तर आद्य मराठी गद्याचें हें धन कोणाच्या हातीं लागतें? श्रद्धेनें जपलेली पोथी आणि नफ्यासाठीं बांधलेली फाईल एक नव्हेत, हें आम्हांस मान्य आहे. पण उकल करणें हाच अपराध नव्हे, एवढें तरी त्यावरून दिसतें.

कायदाही हा विवेक जाणतो. १९५७ च्या प्रताधिकार कायद्याचें ५२ वें कलम रीतसर मिळविलेल्या संगणक-प्रणालीचें निरीक्षण व अभ्यास करण्याची मोकळीक देतें. २०१२ सालीं घातलेलें ६५-अ कलम कुलूप तोडणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कैद सांगतें खरें, पण तें प्रताधिकारभंगाच्या हेतूनें तोडलें असेल तरच. करारांत मनाई असल्यास कंपनी खातें बंद करील. तो करारभंग झाला, चोरी नव्हे.

मात्र भिंतीचें चित्र पारदर्शक करून तिच्या आडचा प्रतिस्पर्धी टिपणारा लबाडच होय, आणि कंपनीच्या चित्रकारांचीं चित्रें काढून विकणारा चोरच. त्यांची कड आम्ही घेणार नाहीं. दोष उघडण्यांत नाहीं, पुढील वापरांत आहे.

चांगल्या वापराचीं फळें जगानें पाहिलीं आहेत. १९९९ सालीं ‘हाफ-लाइफ’ या खेळांत फेरफार करून दोन तरुणांनीं ‘काउंटर-स्ट्राइक’ घडविला. पुढच्याच वर्षीं मूळ कंपनीनें तो स्वतः विकावयास काढला. आणि आपली निकड तर याहून मोठी आहे. जगांतील बहुतेक मोठे खेळ मराठी बोलत नाहींत. देवनागरी घालूं गेल्यास जोडाक्षरें सुटीं होतात, ह्रस्व वेलांटी भलत्याच जागीं पडते. हें दुरुस्त करावयाचें, तर कोणीतरी पेटी उघडलीच पाहिजे. ती उघडणाऱ्या मुलास आपण घरांतच लाजविलें, तर मराठीसाठीं तें काम कोण करणार?

म्हणून पालकांस आमची विनंति एवढीच, कीं ‘कोणाचें कुलूप तोडलेंस?’ असें दरडावण्यापूर्वी ‘आंत काय पाहिलेंस, आणि त्यानें कोणाचें नुकसान झालें?’ हें त्यास विचारावें.