वेग वाढला, वेळ वाचला नाही

मालेगावात तागे आणि गाठी वाहण्यासाठी आता हातगाडीच्या जोडीला बॅटरीची मालवाहू रिक्षा दिसते. डिझेलचा खर्च नाही, अरुंद गल्लीतही वळते, म्हणून छोट्या व्यापाऱ्याला ती परवडते. मात्र गाडी दोन-तीन वर्षांची होऊन मंदावली की मालकाला वाटते, हिचा वेग वाढवून घ्यावा. आमच्या मते हा सौदा घाट्याचा आहे. आम्ही तो स्वतः केला आहे, म्हणून लिहितो.

या गाड्यांत साधारणपणे १२ व्होल्टच्या चार बॅटऱ्या असतात, म्हणजे एकूण ४८ व्होल्ट. पाचवी जोडली की ६० व्होल्ट होतात आणि मोटर सुमारे सव्वापट वेगाने फिरते. आम्ही जुन्या चारांना नवी पाचवी जोडली, कंट्रोलर आणि चार्जरही बदलले. ताशी २५ किलोमीटरची गाडी तिशीपुढे पळू लागली. आम्ही खूश झालो.

आता हिशेब पाहा. आमच्या गोदामापासून ट्रान्सपोर्ट तीन किलोमीटर. २५ च्या वेगाने सव्वासात मिनिटे लागतात, ३१ च्या वेगाने सहाला थोडी कमी. जाऊन-येऊन चार फेऱ्या धरल्या तरी दिवसाला अकरा-बारा मिनिटे वाचतात, तीही रस्ता मोकळा मिळाला तर. इकडे हमालाची वाट पाहणे, तागे पुन्हा मोजणे, ई-वे बिलातली चूक सुधारणे यात एकेका फेरीला अर्धा तास जात होता. उशीर गाडीचा नव्हता, आमच्या पेढीचा होता.

दुसरी बाजू अशी. वेग सव्वापट झाला की गाडी थांबवायला दीडपटीहून जास्त अंतर लागते. ब्रेक मात्र तेच, वर गाठींचे वजन. मोटर तापते. नव्या बॅटरीबरोबर जुन्या चार ओढल्या जातात आणि त्या आधी बसतात.

आठवड्याभरात चालक म्हणाला, “सेठ, गाडी लवकर थांबत नाही.” आम्ही म्हणालो, “सवय होईल.” पुढे एके दिवशी गल्लीतून एक मूल आडवे आले आणि त्याने गाडी ओट्यावर घातली. अल्लाहचा शुक्र, मुलाला खरचटलेही नाही. चालकाचे मनगट मोडले, दीड महिना काम बंद राहिले. त्याचा पगार आम्ही चालू ठेवला, पण तो काही उपकार नव्हता. दोष त्याचा नव्हता, मिस्त्रीचाही नव्हता. वेग आम्ही मागितला होता.

कायदाही आपल्या बाजूचा नाही. २०१४ च्या केंद्रीय नियमांनी अशा गाड्यांना ताशी २५ किलोमीटर वेगाची आणि मालासाठी ३१० किलोची मर्यादा घातली. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतील तपशिलाशी विसंगत असा फेरबदल मालकाला करता येत नाही. अशा गाडीचा अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करू शकते आणि भरपाई मालकाच्या अंगावर येते.

मग जुनी गाडी मंद झाली तर काय करावे? बहुधा बॅटऱ्या थकलेल्या असतात, टायरात हवा कमी असते किंवा तारांचे जोड सैल झालेले असतात. ते आधी तपासावे. ब्रेक नीट करून घ्यावेत. बॅटऱ्या बदलायच्या तर चारही एकदम बदलाव्यात. ऐपत असेल तर गाडीला मान्य असलेला त्याच व्होल्टेजचा लिथियम संच, त्याच्याच चार्जरसह घ्यावा. चार जुन्या बॅटऱ्यांचे वजन शंभर किलोच्या वर जाते, ते बरेच उतरते आणि ओढ संध्याकाळपर्यंत टिकते. गाडीला तिचा मूळ वेग परत देणे ही दुरुस्ती झाली. त्यापुढे नेणे ही हाव.

आम्ही पाचवी बॅटरी काढली. आता कागदपत्रे आदल्या संध्याकाळी तयार ठेवतो, तागे रात्रीच मोजून बांधतो. गाडी २५ नेच जाते आणि माल पूर्वीपेक्षा लवकर पोचतो.

व्यापारी बंधूंनी एवढे लक्षात ठेवावे की गाडीवरचा माल आपला असतो, पण ती चालवणारा माणूस त्याच्या घरच्यांनी आपल्याकडे सोपवलेली अमानत असते. वेग वाढवण्याआधी त्यालाही एकदा विचारावे आणि तो जे सांगेल ते ऐकावे.