सत्कार आवरा, नाटक होऊ द्या!

ऐन वैशाखात देवळाच्या प्रांगणात, उघड्या आकाशाखाली ‘संगीत संशयकल्लोळ’ पाहण्याचा योग परवा आम्हांस आला. मोलिएरच्या फ्रेंच प्रहसनाचे बीज देवलांनी मराठीत असे रुजविले, की फाल्गुनराव आपल्याच वाड्यावरचा वाटतो. गावच्या हौशी नटांनी पदेही मन लावून गायिली. परंतु पडदा उघडला साडेनऊस! तत्पूर्वी दीड तास श्रीफळे, शाली आणि भाषणे. (नटांचा सत्कार मात्र राहूनच गेला.) ध्वनिक्षेपकास २००० सालच्या नियमांनी रात्री दहानंतर बंदी आहे; उत्सवाची सवलतही मध्यरात्रीपर्यंतच. साहजिकच कात्री लागली ती रेवतीच्या पदांना. यात कायद्याला बोल कशासाठी? उत्सव समित्यांनी दिवेलागणीलाच नांदी म्हणवावी; भाषणे करावयाचीच असतील, तर ती भैरवीनंतर करावीत.