तंबूत पंखा हवा, पण १२ व्होल्टचा



उन्हाळ्याच्या सुट्टीत गंगरेल धरणाकडे मुक्कामाला निघालेल्या गाड्या आमच्या अभनपुरातूनच धमतरीच्या रस्त्याला लागतात. रायपूर-भिलाईची मराठी कुटुंबेही त्यांत असतात. कुणाच्या डिकीत घरचा टेबल फॅन, बॅटरी आणि इन्व्हर्टर. मोठ्या शिबिरांसाठी तर भाड्याचा जनरेटर. या पद्धतीला माझा ठाम विरोध आहे. तंबूत थेट बॅटरीवर चालणारा १२ व्होल्टचा ब्रशलेस (मोटरमध्ये घासणारे ब्रश नसलेला) पंखाच असावा.

हिशेब करून पाहा. साधा टेबल फॅन ५० वॅटचा. इन्व्हर्टर बॅटरीची १२ व्होल्टची वीज २३० व्होल्टची करतो आणि त्यात स्वतःही काही खातो. हात लावला तर गरम लागतो, ती वाया गेलेली वीजच. म्हणजे बॅटरीतून ६० वॅट उपसले जातात. १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांच्या बॅटरीत सारी मिळून ८४ वॅट-तास वीज, आणि शिशाची बॅटरी टिकवायची तर त्यातली निम्मीच वापरायची. पाऊण तासात पंखा बंद! त्याच बॅटरीवर १२ वॅटचा ब्रशलेस पंखा साडेतीन तास चालतो. त्याचा वेग एक तृतीयांशाने कमी केला, तर विजेचा खप जवळजवळ तिसऱ्या हिश्श्यावर येतो, कारण पंख्याला लागणारी वीज वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. मग तीच बॅटरी रात्र काढते.

‘एवढ्याशा पंख्याला वारा तो किती?’ असे विचारले जाते. पण दोन माणसांच्या तंबूत अख्खी खोली ढवळायची नसते. दोन हातांवरून अंगावर येणारी झुळूक घाम सुकवायला पुरते. तंबूच्या समोरासमोरच्या जाळ्या मात्र उघड्या हव्यात, नाहीतर तीच कोंदट हवा फिरत राहते.

सुरक्षिततेचा मुद्दा मला याहून मोठा वाटतो. पाण्याकाठच्या ओल्या मातीवर टेप गुंडाळलेली २३० व्होल्टची वायर आणि भोवती अनवाणी मुले, हे चित्र बघवत नाही. जनरेटरच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड तर झोपेतच घात करतो. १२ व्होल्टला शॉकची भीती जवळजवळ नाही, मात्र वायरी एकमेकींना टेकल्या तर आग लागू शकते. म्हणून बॅटरीच्या धन टोकालगत फ्यूज लावलाच पाहिजे.

पंखा म्हणजे कूलर नव्हे, हेही लक्षात ठेवावे. पारा ४० अंशांवर गेला की पंख्याचा वारा शरीर थंड करण्याऐवजी तापवतो, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमच्याकडे मे महिन्यातल्या दुपारी तो सहज ४० ओलांडतो. तेव्हा दाट सावली, ओला पंचा आणि भरपूर पाणी, पंखा रात्रीसाठी.

छताच्या पंख्यांना १ जानेवारी २०२३ पासून ऊर्जाबचतीचे तारांकन सक्तीचे झाले. या छोट्या पंख्यांच्या खोक्यांवर मात्र ‘हाय स्पीड’ ठळक दिसते आणि कामाचे आकडे शोधावे लागतात. किती वॅट खातो आणि मिनिटाला किती घनमीटर हवा देतो, हे दोन आकडे छापणे शासनाने बंधनकारक करावे. तोवर ग्राहकांनी दुकानात हेच विचारावे, आणि उत्तर मिळाले नाही तर पंखा तिथेच ठेवून पुढचे दुकान गाठावे.

– एक वाचक, अभनपुर (जि. रायपूर)