टीव्हीतला बांगलादेश आणि आपल्या संत्र्याचा बांगलादेश

परवा कारंजा (घाडगे) तालुक्यात मावसभावाच्या घरी गेलो होतो. आंबिया बहार झाडावर आणि टीव्हीवर बांगलादेश, आवाज फुल्ल. शेजारचं कॉलेजातलं पोरगं तावात म्हणालं, "सारे संबंध तोडले पाह्यजे यांच्याशी." भाऊ म्हणाला, "तोडा ना बाप्पा. पन मंग माल कोन घेते ते सांग."

पोराला खरंच माहीत नव्हतं, की आपल्या नागपुरी संत्र्याचं सगळ्यात मोठं परदेशी गिऱ्हाईक बांगलादेश आहे. त्याचा दोष नाही. त्याला कोणी सांगितलंच नाही.

२०१९ मध्ये तिथलं आयात शुल्क किलोमागे २० रुपयांच्या घरात होतं. ते वाढत वाढत २०२३ मध्ये ८८ रुपयांवर गेलं. किलोमागे, राजेहो! बगीच्यात तेवढा भावही मिळत नाही. बाहेर जाणारा माल देशातल्याच मंड्यांत आला आणि भाव बसला. कारंजा, आष्टी, आर्वीत ज्यांची झाडं आहेत त्यांना हे सांगायला नको. पण यावर रात्री नऊची चर्चा झालेली मी तरी एकाही चॅनेलवर पाहिली नाही.

मग ५ ऑगस्ट २०२४ ला शेख हसीना देश सोडून भारतात आल्या आणि बांगलादेश एकदम रोजचा झाला. तिथे हिंदूंवर हल्ले झाले, देवळं फोडली, हे खरं आहे आणि ते दाखवलंच पाहिजे. पण त्याच दिवसांत क्रिकेटपटू लिटन दासचं घर जाळलं म्हणून एक फोटो फिरला. मला गावच्या ग्रुपवर तीनदा आला. घर होतं मशरफी मुर्तझाचं, म्हणजे त्यांचा माजी कप्तान, हसीनांच्या पक्षाचा खासदार आणि मुसलमान. हा खुलासा मात्र ग्रुपवर एकदाही आला नाही.

आता तिकडून पाहा. २९ सप्टेंबर २०१९ ला आपण कांद्याची निर्यात बंद केली आणि तिकडे भाव भडकले. त्याच आठवड्यात हसीना दिल्लीत येऊन हिंदीत म्हणाल्या, की मी स्वयंपाक्याला कांदा घालू नको म्हणून सांगितलंय, पुढच्या वेळी जरा आधी कळवा. आपल्याकडे ते गंमत म्हणून चाललं. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा बंदी. तिकडच्या बाईला भारत आठवत असेल तो बाजारात कांदा घेताना. संत्र्यावरचं शुल्क म्हणजे कांद्याचाच राग, असं आपल्या बागायतदारांत बोलतात. असेल, नसेल. पण हे तपासायला ढाक्यात बातमीदार ठेवावा लागतो, त्याला पैसा लागतो. स्टुडिओत चार जणांना भांडायला बसवणं स्वस्त पडतं.

आपण वर्ध्याचे. सेवाग्रामचे बापू १९४६-४७ मध्ये दंगलीनंतर ज्या नोआखालीत गावोगाव पायी फिरले, ते आज बांगलादेशातच आहे. हेही त्या पोराला नवीनच होतं.

निघताना भावाने विचारलं, "औंदा किती शुल्क हाय रे तिकडं?" मी फोनवर वीस मिनिटं शोधलं. हसीनांच्या बातम्या धडाधड आल्या, क्रिकेटच्या आल्या, शुल्काचा आकडा काही सापडला नाही. शेवटी त्यानंच कळमन्याच्या ओळखीच्या अडत्याला फोन लावला.