सायकल सोडू नका, आधी हँडल बघा

"डॉक्टर, हाताला मुंग्या येतात." "मग सायकल बंद करा." आम्ही डॉक्टर मंडळी हा सल्ला फार सहज देतो, जणू पेशंटच्या दारात चारचाकी उभी आहे! धाराशिव जिल्ह्यात वस्तीवरून गावात दूध घालायला सायकलवर येणाऱ्या माणसाला हे सांगणे म्हणजे त्याला घरी बसवणे. त्याला मधुमेह असेल तर त्याचा रोजचा व्यायामही आपणच बंद केला. मला हे मान्य नाही.

मुंग्या कोणत्या बोटांना येतात ते आधी पाहा. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट असेल, तर तळहाताच्या त्या बाजूची अल्नार नस हँडलवर दाबली जात असते. अंगठा, तर्जनी, मधले बोट असेल तर मीडियन नस. मनगट मागे वाकवून त्यावर भार टाकला की ती दाबते.

हल्लीच्या रेंजर सायकलींचे सरळ दांडीचे हँडल यात भर घालते. पुढे झुकावे लागते, अंगाचा भार तळहातांवर येतो. तरुणांना चालते. मान आखडलेल्या पन्नाशीच्या माणसाला तेच का विकतात? जुन्या काळ्या सायकलचे हँडल आठवा. त्याची टोके आपल्याकडे वळलेली असत. मनगट सरळ राही, कोपर किंचित वाकलेले, पाठ ताठ. असे हँडल आजही बसवता येते, मात्र ब्रेकची वायर पुरते का ते मिस्त्रीकडून बघून घ्या.

मधुमेहात खांदा आखडण्याचे प्रमाण जास्त असते. अशांनी हँडल सीटच्या उंचीला किंवा थोडे वर घ्यावे. पण दांड्यावरच्या खुणेपेक्षा जास्त वर ओढू नका, हँडल निखळून येईल. सीटचे टोक खाली झुकले असेल तर तेही सरळ करा. नाहीतर माणूस पुढे घसरतो आणि भार पुन्हा हातावरच.

एका हातात जोर नसेल, तर दोन्ही ब्रेक चांगल्या हाताच्या एकाच लिव्हरला जोडता येतात. अर्धांगवायू होऊन गेलेल्यांनी मात्र तोल आणि नजर तपासून घेतल्याशिवाय रस्त्यावर जाऊ नये.

हँडल बदलूनही बधिरपणा राहिला, हातातून वस्तू पडू लागल्या किंवा अंगठ्याजवळचे मांस झिजलेले दिसले, तर दाखवायला या. त्वचेवर संवेदना नसलेला फिकट चट्टा असेल तर कुष्ठरोगाची तपासणी करायलाच हवी. त्याची औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.