नवा माग आणण्याआधी मागावाल्याला विचारा

यंत्र पैसे देऊन विकत घेता येते, पण ते नीट चालण्यासाठी लागणारी माणसांची घडी बाजारात मिळत नाही. हिशेबाच्या वहीत या घडीसाठी रकाना नसतो, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी या यंत्रमागाच्या गावांत आधुनिकीकरणाची चर्चा नवी नाही. केंद्र सरकारची तंत्रज्ञान उन्नयन निधी योजना १ एप्रिल १९९९ रोजी सुरू झाली आणि पुढे सुधारित रूपात मार्च २०२२ पर्यंत चालली. अनुदान किती, हप्ता किती, रेपियर घ्यावा की एअरजेट, अशी सगळी चौकशी होते. तो माग रोज ज्याच्या हाताखाली चालणार आहे, त्याला मात्र क्वचितच काही विचारले जाते. हा प्रश्न न विचारल्याने मालकाचे नुकसान होते आणि मजुरावर अन्यायही होतो. याचा पुरावा फार लांब शोधायला नको. तो आपल्या शेजारच्या अहमदाबादेत सत्तर वर्षांपूर्वीच मिळालेला आहे.

अहमदाबादेतील साराभाई कुटुंबाच्या कॅलिको कंपनीने १९५२ साली आपल्या ज्युबिली मिलमध्ये स्वयंचलित माग बसवले. यंत्रे नवी होती, कामाचा भार तज्ज्ञांकडून मोजून घेतलेला होता, तरीही उत्पादन अपेक्षेप्रमाणे वाढेना आणि कापडातले दोष कमी होईनात. अशा वेळी सहसा दोष मजुरांच्या आळसावर किंवा अडाणीपणावर टाकला जातो. कंपनीने तसे न करता लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे संशोधक ए. के. राइस यांना बोलावले.

राइस यांना काय दिसले? २२४ मागांच्या त्या खात्यात २९ कामगार होते आणि त्यांची कामे १२ प्रकारांत वाटलेली होती. विणकराकडे २४ किंवा ३२ माग, बॅटरीत कांड्या भरणाऱ्याकडे ४० ते ५०, तुटलेले धागे जोडणाऱ्याकडे ६० ते ८०. कागदावर ही वाटणी चोख होती. प्रत्यक्षात एका विणकराचा माग अडला तर ज्याने धावून यायचे तो दुसऱ्याच तिघांच्या मागांत गुंतलेला असे. कोण कोणाचा सोबती आणि कोणत्या मागाला कोण जबाबदार, हेच ठरलेले नव्हते. प्रत्येकजण आपल्या कामापुरता बरोबर होता, पण सगळे मिळून कापड बिघडत होते.

राइस यांनी पर्यायी कल्पना मांडली ती अगदी साधी. ठरावीक माग ठरावीक गटाकडे द्यावेत आणि त्या मागांची सगळी कामे त्या गटाने आपसात वाटून घ्यावीत. ६४ मागांमागे ७ जणांचा गट असा हिशेब होता. पुढचा भाग अधिक महत्त्वाचा आहे. ही कल्पना कानावर येताच कामगारांनी ती उचलून धरली आणि कोणी कोणाबरोबर काम करायचे याच्या याद्या स्वतःच तयार केल्या. १९५३ मध्ये प्रयोग सुरू झाला. पहिले काही दिवस उत्पादन उलट घसरले. नंतर ते सावरले आणि मागांची कार्यक्षमता सुमारे ८० टक्क्यांवरून ९५ टक्क्यांच्या आसपास गेली. सदोष कापडाचे प्रमाण सुमारे ३२ टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आले. यंत्रे तीच होती. बदलली ती फक्त कामाची मांडणी, आणि ती बदलण्यात कामगारांचा हात होता.

याच संस्थेचे एरिक ट्रिस्ट आणि स्वतः खाणीत काम केलेले केन बॅमफोर्थ यांनी १९५१ साली इंग्लंडमधील कोळसा खाणींबद्दल असेच लिहिले होते. यांत्रिकीकरण आले तेव्हा खाणीतल्या लहान, एकमेकांना सांभाळून घेणाऱ्या टोळ्या मोडल्या गेल्या. प्रत्येक पाळीला एकच तुटक काम उरले, आणि यंत्राकडून अपेक्षित असलेला फायदा भांडणांत व गैरहजेरीत विरून गेला. यंत्र आणि माणसांची घडी यांचा विचार एकत्रच करावा लागतो, हा या संशोधनाचा निष्कर्ष आहे.

अलीकडे या विचाराला ‘जबाबदार नवनिर्मिती’ असे नाव मिळाले आहे. जॅक स्टिलगो, रिचर्ड ओवेन आणि फिल मॅकनॉटन यांनी २०१३ साली तिची चार अंगे सांगितली. आपल्या भाषेत ती चार प्रश्नांत मावतात. या बदलाने पुढे काय काय होऊ शकेल? आपण हे नेमके कशासाठी करत आहोत? ज्यांच्यावर परिणाम होणार त्यांना विचारले का? आणि त्यांचे ऐकून आपण बेत बदलायला तयार आहोत का? चौथा प्रश्न सर्वांत अवघड आहे. विचारायचे आणि मग जे आधीच ठरले होते तेच करायचे, याला सल्लामसलत म्हणत नाहीत.

आपले कारखानदार म्हणतील, ही मोठ्या गिरणीची गोष्ट झाली, आमच्याकडे बारा-चोवीस माग. हा आक्षेप विचारात घेतला पाहिजे. कायद्यानेही लहान कारखान्याला या बाबतीत मोकळे सोडलेले आहे. १९७६ मध्ये ४२ व्या घटनादुरुस्तीने कलम ४३-अ आले आणि व्यवस्थापनात कामगारांचा सहभाग हे राज्याचे मार्गदर्शक तत्त्व ठरले. पण कार्यसमितीची तरतूद १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १०० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी होती, आणि २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेनेही तीच मर्यादा ठेवली. यंत्रमागाचे बहुतेक कारखाने या मर्यादेच्या कितीतरी खाली आहेत. म्हणून येथे जबाबदारी कायद्याची नसून मालकाच्या नीतीची आहे. शिवाय लहान कारखान्यात हे काम सोपे आहे. सात-आठ माणसांना एकत्र बसवून विचारायला कोणताही तज्ज्ञ लागत नाही.

मात्र सहभागाची भाषा बोलताना तीन गोष्टींचे भान ठेवले पाहिजे.

पहिली गोष्ट मजुरीची. अहमदाबादेत सुरुवातीला उत्पादन घसरले, तसे कोठेही घसरेल. आपल्याकडे मजुरी मीटरवर किंवा पिकावर मिळते. नवी घडी बसेपर्यंतचा तोटा जर मजुराच्याच खिशातून गेला, तर तो त्या बदलाला विरोध करील आणि त्याचा विरोध रास्त असेल. शिकण्याच्या काळात ठरावीक मजुरीची हमी, आणि पुढे उत्पादन वाढल्यावर त्यात वाटा, या दोन्ही गोष्टी आधीच ठरल्या पाहिजेत. नफ्यात वाटा नसेल तर मत विचारणे हे फक्त जास्त काम काढून घेण्याचे नवे तंत्र ठरते.

दुसरी गोष्ट, सहभाग कोणाचा? जुन्या मागावर धोट्याच्या छिद्रातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. त्यामुळे शिवाशिवीच्या नावाखाली दलित कामगारांना विणकाम खात्यात शिरू दिले जात नसे. विणकामात मजुरी जास्त असे आणि ती त्यांना नाकारली जाई. मुंबईच्या १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न जाहीरपणे मांडला. कामगारांनी आपले सोबती आपणच निवडणे चांगले, पण अशा निवडीत दुबळा माणूस बाहेर राहू शकतो, हे या इतिहासावरून समजते. आज भिवंडीत उत्तर प्रदेश-बिहारमधून आलेला मजूर आहे आणि घरी बसून कांड्या भरणारी बाई आहे. विचारविनिमय फक्त जॉबर आणि मेहताजींशी झाला, तर यांचा आवाज कधीच ऐकू येणार नाही.

तिसरी गोष्ट, ही जादूची कांडी नव्हे. टॅव्हिस्टॉकचेच एरिक मिलर १९७० मध्ये अहमदाबादेत पुन्हा गेले. एका खात्यात गटपद्धत सोळा वर्षांनंतरही जवळजवळ तशीच टिकलेली होती, पण इतर ठिकाणी कमी-अधिक प्रमाणात जुनी रीत परतली होती. पुढे १९९० च्या दशकाअखेर कॅलिको कंपनीलाही टाळे लागले. बाजाराच्या वादळातून कामगारांचा सहभाग एकटा कारखाना वाचवू शकत नाही. पण वादळात सगळ्यांनी मिळून वल्ही मारणे आणि एकाने दुसऱ्याला पाण्यात ढकलणे यांत फरक आहेच.

नवे माग आणू पाहणाऱ्या आमच्या व्यापारी बांधवांना म्हणून एवढेच सुचवावेसे वाटते. ऑर्डर देण्यापूर्वी, जेथे तो माग चालू आहे तेथे आपल्या दोन जुन्या कामगारांना सोबत घेऊन जा आणि तेथील कामगारांशी त्यांना मालकाच्या गैरहजेरीत बोलू द्या. किती माग एकाने चालवावेत हे विक्रेत्याच्या माहितीपत्रकावरून ठरवू नका. कोणाचे काम जाणार असेल तर ते त्याला आधी सांगा आणि त्याला दुसरे काम शिकवण्याचा खर्च यंत्राच्या किमतीतच धरा. गट पाडायचे असतील तर कोणी वगळला जात नाही ना, हे स्वतः पाहा. सहा महिन्यांनी पुन्हा सगळ्यांना बसवा आणि काय चुकले ते विचारा.

या सगळ्याला खर्च थोडा आहे. लागतो तो वेळ, आणि आपल्याकडे काम करणाऱ्या माणसाला आपल्यापेक्षा काही गोष्टी जास्त कळतात हे मान्य करण्याची तयारी. कर्जाचा हप्ता मालक भरतो हे खरे, पण मागाचा आवाज बदलला की सर्वांत आधी ज्याचे कान टवकारतात, तो मागावाला असतो. त्याला आधी विचारण्यातच शहाणपण आहे.