टॉनिकची बाटली आणि सासूबाईंच्या पायांच्या मुंग्या

मैत्रिणींनो,

आज एक कबुली द्यायची आहे. चूक माझीच आहे. ती तुमच्या घरी होऊ नये म्हणूनच ती सांगते.

माझ्या सासूबाईंना आम्ही सगळे ‘आई’ म्हणतो. वय अडुसष्ट. गेली दोन वर्षं त्या म्हणत होत्या, “अगं, पायांना मुंग्या येतात. जमीन कापसासारखी मऊ लागते.” मी म्हणायची, “वय झालं आई, असं व्हायचंच.” मग त्या विसरायला लागल्या. दुधाखालचा गॅस बंद करायला विसरल्या, एकाच आठवड्यात भिशीचे पैसे दोनदा देऊन आल्या. सकाळी साडेसहाला डबे करून शाळा गाठायची, दुपारी वह्या तपासायच्या, त्यात दूध उतू गेलेलं. एक दिवस मी फार लागट बोलले. आई काहीच बोलल्या नाहीत. नुसत्या ओटा पुसत राहिल्या. तो ओटा पुसणारा हात अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

बरं, मी काही केलंच नाही असंही नाही. औषधांच्या दुकानातून ताकदीचं टॉनिक आणलं. कुणीतरी सुचवलं म्हणून प्रोटीनच्या पावडरचा डबाही आणला. महिन्याचे आठ-नऊशे रुपये त्यात जात होते. चार महिन्यांनी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन वाढलेलं! आम्ही खूश. पण मुंग्या मात्र गुडघ्यांपर्यंत चढल्या होत्या आणि अंधारात न्हाणीघराकडे जाताना आईंचा तोल जायला लागला होता.

शेवटी गावातल्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी टॉनिकचं नाव विचारलंच नाही. विचारलं ते असं : “साखरेची गोळी किती वर्षं चालू आहे? ॲसिडिटीची गोळी रोज घेता का? दूध-दही किती?” आईंना मधुमेहाची मेटफॉर्मिनची गोळी अकरा वर्षं चालू आहे. ॲसिडिटीची गोळी रोज सकाळी, तीही कुणाला न विचारता. आमचं घर शाकाहारी. आणि दूध? मैत्रिणींनो, तिथे मला कळलं की आई आपल्या वाटचं दूध नातवाच्या पेल्यात ओतत होत्या आणि दह्याची वाटी माझ्या नवऱ्याच्या पानाकडे सरकवत होत्या. रोज पान मी वाढत होते, पण माझ्या ते कधी लक्षात आलं नाही.

रक्तात बी-१२ जीवनसत्त्व १०० च्या आसपास निघालं. निदान २०० तरी असायला हवं होतं.

हे बी-१२ काय प्रकरण आहे, ते मी समजावून घेतलं. हे जीवनसत्त्व भाजीपाल्यात, डाळीत, धान्यात नसतं. मांस, मासे, अंडी आणि दूध-दही यांतूनच ते मिळतं. मज्जातंतूंच्या आवरणासाठी आणि रक्ताच्या पेशींसाठी ते लागतं. अन्नातलं बी-१२ सुटं व्हायला जठरातलं आम्ल लागतं, आणि ते वयाबरोबर बऱ्याच जणांचं कमी होतं. ॲसिडिटीच्या गोळ्या ते आणखी कमी करतात. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की बी-१२ चं शोषण घटतं. म्हणजे आईंच्या बाबतीत चारही दारं एकदम बंद झालेली. (मेटफॉर्मिन मनाने बंद करू नका हं! गोळी चालू ठेवून बी-१२ तपासायचं, एवढंच.)

मग हिमोग्लोबिन वाढलं कसं? ही गोष्ट ऐकण्यासारखी आहे, आणि ती आपल्या मुंबईतच सुरू झाली. ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई १९२८ साली मुंबईत आल्या. कापडगिरण्यांतल्या गरोदर बायकांना एक प्रकारचा जीवघेणा रक्तक्षय होत असे, त्याचा त्यांनी अभ्यास केला. मार्माइट नावाच्या यीस्टच्या स्वस्त अर्काने या बायका बऱ्या होतात, असं त्यांना आढळलं आणि १९३१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला गुणकारी पदार्थ पुढे ओळखला गेला, तोच आपलं फॉलिक ॲसिड. आज प्रत्येक गरोदर बाईला जी गोळी मिळते तीच. पण फॉलिक ॲसिडची एक खोड आहे. बी-१२ कमी असताना नुसतं फॉलिक ॲसिड दिलं, तर रक्त सुधारतं पण मज्जातंतूंची झीज आत चालूच राहते. आमच्या टॉनिकच्या बाटलीत लोह होतं, फॉलिक ॲसिड होतं, बी-१२ नव्हतं. बाटलीवर ते स्पष्ट छापलेलं होतं. मी बी. ए. झालेली, मुलांना धडा नीट वाचायला शिकवणारी. बाटलीवरचं मात्र वाचलं नाही.

आईंना इंजेक्शनं सुरू झाली. आधी एक दिवसाआड, मग आठवड्याला, आता रोज एक गोळी. तीन महिन्यांत विसरणं पुष्कळ कमी झालं. भिशीचा हिशेब आता त्याच माझा दुरुस्त करतात! तोल सावरला. पण तळव्यांच्या मुंग्या गेलेल्या नाहीत. “उशीर झाला की थोडं राहून जातं,” असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ते ‘थोडं’ माझ्या खात्यावर आहे.

आता तुमच्या उपयोगाच्या चार गोष्टी सांगते.

पहिली गोष्ट, ‘ड’ जीवनसत्त्वाची. आपल्याकडे एवढं ऊन, तरी ते पुष्कळ जणांत कमी निघतं. ते तयार होतं दहा-अकरा ते तीनच्या उन्हात, उघड्या कातडीवर. आपण त्या वेळी स्वयंपाकघरात नाहीतर शाळेत. म्हातारी कातडी तर ते आणखी कमी बनवते. म्हणून डॉक्टर ६०,००० युनिटची पुडी देतात. ती आठवड्याला एक, आणि तीही ठरलेले आठवडेच घ्यायची असते. आमच्या शेजारच्या मावशी ती रोज एक घेत होत्या, ‘दुधातून बरी लागते’ म्हणून! सुदैवाने सुनेच्या लवकर लक्षात आलं. हे जीवनसत्त्व शरीरात साठून राहतं. फार झालं तर रक्तातलं कॅल्शियम वाढतं, मळमळ, बद्धकोष्ठ, सारखी तहान सुरू होते आणि मूत्रपिंडाला इजा होते. पुडीवर पेनाने वार लिहून ठेवा : ‘रविवार’.

दुसरी, कॅल्शियमची. पाळी गेलेल्या बाईला दिवसाला १,२०० मिलिग्रॅम हवं, असं आपल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० साली सांगितलं. पेलाभर दुधातून साधारण २४० मिळतं. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशेच्या आसपास असतं. तीळ तर कॅल्शियमचं भांडारच, पण आपण खातो चमचाभर. मासे खाणाऱ्यांनी काट्यासकट खाता येणारी बारीक मासळी विसरू नये. एवढं करूनही कमी पडलं तर गोळी घ्यावी, पण डॉक्टरांना विचारून, आणि एका वेळी ५०० मिलिग्रॅमच्या वर नको. साधी कॅल्शियम कार्बोनेटची गोळी जेवणाबरोबर घ्यावी. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एका वेळी घेऊ नये. थायरॉइडची गोळी आणि कॅल्शियम यांत चार तासांचं अंतर ठेवावं. आणि लोहाच्या गोळीवर चहा अजिबात नको.

तिसरी, प्रोटीनची. वयाबरोबर स्नायू झडतात, म्हणून तर हात धरून उठावं लागतं. म्हाताऱ्या माणसाला प्रोटीन तरुणापेक्षा कमी लागतं, ही समजूत चुकीची आहे. वजनाच्या दर किलोला रोज साधारण एक ग्रॅम, किंवा थोडं जास्तच, हवं. म्हणजे पन्नास किलोच्या आजींना पन्नास ग्रॅम. आणि आपण त्यांना काय देतो? चहा-खारी, मऊ भात, एकादशीला साबुदाणा! डब्यातली पावडर वाईट नाही, पण ती जेवणाच्या जागी नको. मूत्रपिंडाचा विकार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच नको. दात नसतील तर मुगाच्या डाळीचं धिरडं, पिठलं, मेतकूट-भात, पनीर कुस्करून, चालत असेल त्यांना उकडलेलं अंडं (एका अंड्यात सहा ग्रॅम). उपासाला दाण्याची आमटी आणि दही. आणि एक लक्षात ठेवा, खाल्लेलं अंगी लागायला स्नायूंना काम हवं. खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, सकाळ-संध्याकाळ. आमच्या आई टीव्हीवरच्या जाहिराती लागल्या की करतात. सुरुवातीला जवळ कुणीतरी उभं राहावं.

चौथी गोष्ट, डबा वाचण्याची. दुकानात शक्तिवर्धक म्हणून मिळणारे पुष्कळसे डबे कायद्याने औषध नसून अन्न असतात. त्यावर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ अशा अर्थाचे शब्द इंग्रजीत छापलेले असतात. चष्मा लावून वाचा. साखर किती आहे तेही पाहा. मधुमेही माणसाला आपण ताकदीच्या नावाखाली साखर तर पाजत नाही ना?

माझी स्वतःची एक युक्ती सांगते. एका वहीच्या पानावर घरातल्या प्रत्येकाची चालू असलेली सगळी औषधं, टॉनिकं, काढे, चूर्णं लिहून काढली. किती वर्षांपासून चालू, कोणत्या वेळी, कुणी सांगितलं, हेही लिहिलं. ‘कुणी सांगितलं’ या रकान्यात आईंच्या तीन वस्तूंपुढे ‘शेजारणीने’ आणि एकीपुढे ‘मी’ असं निघालं! ते पान स्वयंपाकघरातल्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं आहे. डॉक्टरांकडे जाताना तेच सोबत न्यायचं. घरात कुणी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेत असेल, घर शाकाहारी असेल, तर त्यांना एवढंच विचारा, “बी-१२ तपासायचं का?”

आणि मैत्रिणींनो, हे सगळं फक्त सासूबाईंसाठी नाही. हाडांची शिल्लक साधारण तिशीपर्यंतच जमते, पुढे नुसता खर्च. पाळी गेल्यावर तो खर्च झपाट्याने वाढतो. म्हणजे तुम्ही-मी आज जे खातो, तेच आपल्या सत्तरीचं टॉनिक. तेव्हा उरलंसुरलं पातेल्यातच खाऊन उठायची सवय सोडा. दह्याची वाटी स्वतःच्या पानातही वाढा.

आमच्याकडे आता रात्री सगळे एकदम जेवायला बसतो. आईंच्या पानातली वाटी मी त्यांच्यासमोर भरते आणि ती रिकामी होईपर्यंत उठत नाही. परवा त्यांनी सवयीने वाटी सरकवलीच. माझ्या मुलाने ती परत ढकलली आणि म्हणाला, “आजी, हे तुझं औषध आहे.” आई हसल्या. मग माझ्या पानाकडे बघून म्हणाल्या, “आणि हिची वाटी कुठाय?”

त्या दिवशी मीही दही खाल्लं.

तुमचीच,
एक गृहिणी